प्रोसेसरचं वय

माझ्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसर २०१७ सालचा. पहिल्या दिवशी ज्या वेगानं आकडेमोड करायचा त्याच वेगानं तो गेल्या दिवाळीपर्यंत करत होता. बाकीच्या अवयवांची मात्र दैना झाली होती. कॅबिनेटच्या पंख्याचं बेअरिंग घरघरायचं, पत्र्याच्या कडांना पावसाळी दमटपणानं तांबेरा धरला होता, एक हार्ड डिस्क निवर्तली होती, पॉवर सप्लायमध्ये मुंग्यांनी बिऱ्हाड करून झालं होतं. प्रोसेसरला यातलं काही शिवलं नव्हतं. त्यात हलणारा भाग नसतो, त्याला तेलपाणी लागत नाही, आणि नीट थंड ठेवला तर मालक कंटाळेपर्यंत तो चालतो. तरी घरी येणारा प्रत्येक जाणकार त्याची चौकशी करून ‘अजून तोच?’ असं म्हणायचा.

या जाणकारांत सगळ्यात मोठा आवाज माझ्या भाच्याचा. गोव्यात फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकतो. वाढला फोंड्यात, त्यामुळे बोलता बोलता मराठीतून कोकणीत कधी शिरतो ते त्याचं त्यालाच कळत नाही. सुट्टीला डिचोलीला आला की माझ्या खुर्चीत बसणार, थोडा वेळ काहीतरी खेळणार आणि हेडफोन काढून म्हणणार, “मामा, हो डबो आतां बदल रे. सगळाच बदल.” ‘सगळाच’वर त्याचा भर असतो. पैसे माझे असतात.

डब्याची कुळकथा थोडक्यात अशी. रायझन ५ १६००, एएमडी कंपनीनं एप्रिल २०१७ मध्ये आणलेला. सहा कोअर, म्हणजे पोटात स्वतंत्रपणे राबणारे सहा गडी, बारा थ्रेड, म्हणजे त्यांनी एका वेळी हाती घेतलेली बारा कामं, मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्‌झ, ६५ वॅट. अमेरिकेतली किंमत २१९ डॉलर. आज या आकड्यांनी कुणाची भुवईही वर जाणार नाही. पण त्याआधीची कित्येक वर्षं साधारण तेवढ्याच पैशांत प्रतिस्पर्धी इंटेलचा आय५ मिळायचा तो चार कोअर, चार थ्रेडचा. दरवर्षी नवा यायचा आणि जुन्यापेक्षा बोटभर पुढे असायचा. त्यामुळे तेव्हा प्रोसेसर बदलायचा की नाही हा प्रश्नच फारसा पडत नसे. रायझन आला आणि त्या सुस्त बाजाराला कुणीतरी चिमटा काढला. मी बी३५० चिपसेटचा साधा मदरबोर्ड घेतला, सोळा जीबी रॅम घेतली, पडद्यावरचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६०. कार्ड मागाहून काढून आरएक्स ६६०० घातलं. बाकी सगळं तेच.

आता झिजत नाही तो म्हातारा कसा होतो? याचं उत्तर शोधताना मला एक गंमत सापडली. पीसीवर खेळणाऱ्यांच्या प्रोसेसरचं आयुष्य बऱ्याच अंशी दुसऱ्याच लोकांच्या दिवाणखान्यात ठरत होतं. सोनीचं प्लेस्टेशन ४ हे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र आलं नोव्हेंबर २०१३ मध्ये. त्यात एएमडीचेच आठ कोअर होते, पण ‘जॅग्वार’ जातीचे, म्हणजे मुळात स्वस्त आणि कमी विजेच्या यंत्रांसाठी बनवलेले, १.६ गिगाहर्ट्‌झचे. नाव वाघाच्या जातीचं, जीव मांजराचा. मोठ्या कंपन्या खेळ बनवताना तो प्लेस्टेशनवर आणि त्याच्या प्रतिस्पर्धी एक्सबॉक्सवर चाललाच पाहिजे या हिशोबानं बनवतात. त्यामुळे पुढची सात-आठ वर्षं खेळातले लोक, गाड्या, शत्रू, त्यांची अक्कल, सगळं त्या अशक्त कोअरना झेपेल एवढंच ठेवावं लागलं. तेच खेळ पीसीवर आले की माझ्या १६०० ला ते डाव्या हाताचं काम.

नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आलं आणि त्यात एएमडीच्या ‘झेन २’ या नव्या पिढीचे आठ कोअर होते, वेग ३.५ गिगाहर्ट्‌झपर्यंत. माझ्या प्रोसेसरच्या दोन पिढ्या पुढचे. तरी लगेच काही झालं नाही, कारण जुन्या यंत्रांची गिऱ्हाइकं कोट्यवधी होती आणि कंपन्या एकच खेळ दोन्हींसाठी काढत राहिल्या. २०२२-२३ च्या सुमारास जुन्याला रामराम करणारे खेळ येऊ लागले तेव्हा माझा प्रोसेसर एकाएकी ‘जुना’ झाला. डिचोलीतल्या माझ्या खोलीत तसूभर काही बदललं नव्हतं.

हे कळल्यावर माझा भाच्याशी वाद घालण्याचा सूरच बदलला. जुना कुणासाठी, असं मी विचारू लागलो. कारण मागणी करणारे एकाहून जास्त होते आणि प्रत्येकाची मागणी वेगळी.

एक मागणी माझ्याच मॉनिटरची. वर्षानुवर्षं माझा पडदा ६० हर्ट्‌झचा होता, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा. प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसर आणि कार्डाला प्रत्येकी १६.७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात १६०० आपलं काम आटोपून बसलेला असायचा. मग भाच्याच्याच आग्रहानं १४४ हर्ट्‌झचा पडदा आला. आता तेच काम ६.९ मिलिसेकंदांत हवं! पडदा घरात येईपर्यंत मला काही कमी आहे हे ठाऊक नव्हतं. आल्यावर रोज ठाऊक होऊ लागलं. काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा खेळ खेळताना भाचा सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, बनतात ते सांगणाऱ्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट दाखवायचा, नव्वद, पंच्याऐंशी, आणि धुराचा गोळा फुटला की साठच्या खाली. मी दर खेळात पहिल्या अर्ध्या मिनिटात मरतो. १४४ फ्रेम मिळाल्या असत्या तर मी तितक्याच लवकर पण जास्त गुळगुळीतपणे मेलो असतो. ही मागणी मी मनातल्या मनात फेटाळली.

दुसरी मागणी ऑपरेटिंग सिस्टिमची. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दिवाळी जेमतेम आठवड्यावर होती, भाचा वाड्यावरच्या पोरांबरोबर नरकासुराचा पुतळा बांधण्यात गुंतलेला, आणि मी विंडोज ११ च्या पात्रता यादीत आपलं नाव शोधत होतो. इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे चालतात, रायझनचे २००० मालिकेपासूनचे. माझा त्याच्या बरोब्बर एक पायरी खाली. सुरक्षेसाठी जी टीपीएम नावाची सोय लागते ती १६०० मध्ये आहे. कोअर हवेत त्याच्या तिप्पट आहेत. पण यादीत नाव नाही म्हणजे नाही. आडवाटेनं ११ चढवणारे बरेच आहेत. मुदतवाढ घेऊन ऑक्टोबर २०२६ पर्यंत १० वरच राहायचीही सोय होती. लिनक्स ही दुसरी, फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम तर आहेच, आणि २०१८ पासून स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन नावाचं साधन आल्यावर विंडोजचे पुष्कळ खेळ तिथं बिनतक्रार चालतात. फसवेगिरी पकडणारी पहारेकरी प्रोग्रॅम्स असलेले काही ऑनलाइन खेळ तेवढे आडमुठेपणा करतात. म्हणजे या मागणीलाही लगेच शरण जायची गरज नव्हती. पण माझ्या या यंत्रावर बँकेचं कामही होतं आणि बाबांच्या पेन्शनचंही, तेव्हा ती अगदीच कानाआड टाकण्यासारखीही नव्हती.

उरली तिसरी मागणी, ती माझी स्वतःची.

मी खरा खेळतो तो शहर वसवण्याचा खेळ. सिटीज: स्कायलाइन्स, २०१५ चा. नोकरी पणजीत, राहणं डिचोलीत. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामातून वाट काढत जायचं, नाहीतर मयेवरून चोडणला उतरून फेरीबोटीनं रायबंदर गाठायचं. संध्याकाळी हे सगळं उलट्या क्रमानं करून घरी यायचं, जेवायचं, आणि मग रात्री दहा वाजता कॉम्प्युटर लावून काय करायचं, तर वाहतूक कोंडी सोडवायची. बायकोला हे आजतागायत कळलेलं नाही. मला कळलं आहे. इथं बगलरस्ता काढायचा म्हटलं की लगेच निघतो.

माझ्या या शहराला मांडवीसारखी एक रुंद नदी आहे आणि तिच्यावर मी मनाला येतील तेवढे पूल बांधले आहेत. शहर लहान होतं तोवर सगळं छान चाललं. मोठं झालं तसं ते अडखळू लागलं. या खेळात प्रत्येक गाडी खरोखर कुठून तरी निघून कुठं तरी जाते, तिचा रस्ता शोधावा लागतो. एका वेळी १६,३८४ गाड्या रस्त्यावर असू शकतात आणि माझ्या शहरात त्या असायच्याच. काळ सगळ्यात वेगानं पळवायचं बटण दाबलं तरी घड्याळ आपल्या चालीनं चालायचं. नदीवरून कॅमेरा फिरवला की पूल तुकड्यातुकड्यांत सरकायचा.

यात खरा अडवणारा कोण हे शोधायची एक फुकट रीत आहे आणि खर्च करण्याआधी ती प्रत्येकानं करावी असं मला वाटतं. खेळाचं रिझोल्यूशन एकदम खाली आणायचं, सावल्याबिवल्या बंद करायच्या. चित्र ओंगळ दिसतं, पण ग्राफिक्स कार्डावरचं ओझं उतरतं. तरीही फ्रेम होत्या तेवढ्याच राहिल्या तर कार्ड निर्दोष, दोष प्रोसेसरकडे. विंडोजच्या टास्क मॅनेजरवर विसंबू नये. माझ्या प्रोसेसरचा वापर तिथं चाळीस-पंचेचाळीस टक्के दिसायचा आणि कुणालाही वाटावं की हा निवांत आहे. तो आकडा बारा थ्रेडची सरासरी असतो. खेळाचा मुख्य धागा एकाच कोअरवर घाम गाळत असतो, दुसरे बघत असतात. आपल्याकडे रस्ता खोदताना एक जण खणतो आणि बाकीचे कडेला उभे असतात ते आठवून मला कधी कधी हसू यायचं. माझ्या शहरात मी सेटिंग अगदी तळाला नेलं. फ्रेम जिथल्या तिथं. कार्ड अर्धं रिकामं बसून होतं.

म्हणजे प्रोसेसर. पण कोणता?

प्रोसेसरांच्या तुलनेचे तक्ते बघून हे ठरवता येत नाही, निदान मला आलं नाही. प्रोसेसरची परीक्षा घेणारे लोक सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड लावून परीक्षा घेतात. ते बरोबरच आहे, नाहीतर प्रोसेसरमधला फरक कार्डाच्या मर्यादेमागे लपेल. पण ते तक्ते वाचणाऱ्याच्या घरी ते कार्ड नसतं. तक्त्यात पन्नास टक्के पुढे असलेला प्रोसेसर माझ्या आरएक्स ६६०० बरोबर कितीतरी खेळांत दहा टक्केही पुढे जाणार नाही. शिवाय तक्त्यात सरासरी असते आणि डोळ्यांना खुपतात ते मधले गचके. सरासरी ऐंशी असूनही दर काही सेकंदांनी एखादी फ्रेम अडकली तर खेळ खडखडतो. म्हणून हल्ली सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम वेगळ्या मोजतात. तक्ता बघायचाच झाला तर मी त्या रकान्यापासून सुरुवात करतो.

एएम४ हा माझ्या बोर्डचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती खाच, आणि इथं मला आयतं भाग्य लाभलं होतं. कॉम्प्युटरच्या दुनियेत एक सॉकेट दोन-तीन वर्षं टिकला तरी पुष्कळ. एएम४ वर २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२० च्या झेन ३ पर्यंत सगळ्या पिढ्या आल्या आणि त्यानंतरही त्याच पिढीचे नवनवे प्रोसेसर येत राहिले. माझ्यासारख्या जुन्या बोर्डवाल्यांना यात सहज जागा मिळाली असं नाही. मे २०२० मध्ये एएमडीनं सांगितलं की झेन ३ फक्त नव्या ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालेल. कारण दिलं ते बायोस, म्हणजे यंत्र सुरू करून देणारा बोर्डातला प्रोग्रॅम, साठवणाऱ्या चिपमधल्या अपुऱ्या जागेचं. जुन्या बोर्डांवर ती सर्रास सोळा एमबीची, आणि इतक्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावेना. लोकांनी आरडाओरडा केला. दोन आठवड्यांत ४०० मालिकेला परवानगी मिळाली. आमच्या ३०० मालिकेला मात्र २०२२ पर्यंत वाट बघावी लागली, आणि मग अनेक बोर्डांच्या नव्या बायोसमधून अगदी जुन्या प्रोसेसरांना बाहेर काढून नव्यांना जागा केली गेली.

तर माझ्या बोर्डवर बसू शकणारे दोन उमेदवार होते. एक रायझन ५ ५६००, एप्रिल २०२२ चा, सहाच कोअर पण झेन ३. दुसरा ‘एक्स३डी’ नावाच्या घराण्यातला: ५८००एक्स३डी त्याच महिन्यातला, आणि त्याचा स्वस्त भाऊ ५७००एक्स३डी जानेवारी २०२४ चा. कोअरच्या संख्येवरून किंवा गिगाहर्ट्‌झवरून यांच्यातला फरक कळत नाही. फरक आहे कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातल्या झटपट स्मृतीत.

हे मला नीट समजलं ते आमच्या देवळातल्या उत्सवी नाटकामुळे. दरवर्षी ऐतिहासिक नाटक होतं, पात्रं गावातली, तालमी रात्रीच्या. पाठांतर पक्कं असलेला नट बोलत सुटतो. कच्च्या नटाची नजर दर दोन वाक्यांनी विंगेकडे जाते. तिथं प्रॉम्प्टर पुस्तक घेऊन बसलेला असतो, तो ओळ पुरवतो, नट ती उचलतो, आणि तेवढ्या अवधीत रंगमंचावर पेशवे नुसतेच उभे असतात. प्रोसेसरचंही असंच. हवी ती गोष्ट कॅशमध्ये असली तर काम चालू राहतं. नसली तर रॅमकडे, म्हणजे विंगेकडे, बघत थांबावं लागतं. या थांबण्याच्या वेळात तो शेकडो कामं करू शकला असता. माझ्या १६०० चा मोठा कॅश सोळा एमबीचा, तोही आठ-आठच्या दोन तुकड्यांत. तीन कोअरना एक तुकडा, तीनांना दुसरा, आणि एका तुकड्यातलं दुसऱ्याला हवं असलं की वळसा. ५६०० मध्ये सलग बत्तीस एमबी, सहाही कोअरच्या हाताशी. एक्स३डीवाल्यांत बत्तीसच्या डोक्यावर आणखी चौसष्टचा मजला चढवलेला, एकूण शहाण्णव. हजारो गाड्यांचे रस्ते शोधणाऱ्या माझ्या शहरासारख्या खेळाला, जिथं माहिती जागोजागी विखुरलेली असते, हे पाठांतर फार उपयोगी पडतं.

म्हणजे निकाल एक्स३डीच्या बाजूनं लागायला हवा होता. भाच्यानं तो तसा लावलाही. पण त्या प्रोसेसरबरोबर त्याला थंड ठेवणारा पंखा, म्हणजे कूलर, येत नाही, आणि वर चढवलेल्या मजल्यामुळे खालच्या कोअरची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. तापमानाची मर्यादा नव्वद अंशांची. मे महिन्यात माझ्या वरच्या माळ्यावरच्या खोलीत पंखा लावूनही हवा तेहेतीस-चौतीस अंशांची असते, आणि कुठलाही पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. चांगला कूलर घ्यावा लागला असता. शिवाय एक्स३डीचे हे दोन्ही मॉडेल नवे मिळणं अवघड झालं होतं आणि जुन्यांना लोक सोन्याचा भाव सांगत होते. दहा वर्षांच्या खेळातल्या वाहतूक कोंडीसाठी एवढं? माझ्या हौसेला मी फार कमी वेळा नाही म्हणतो. इथं म्हटलं.

आणि भाच्याचा ‘सगळाच’? तो पर्याय त्या दिवसांत आपोआपच गळाला. नवा सॉकेट एएम५ म्हणजे नवा बोर्ड आणि त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा अशा काही उचलायला सुरुवात केली की रॅमचे भाव आठवड्याआठवड्याला चढू लागले. पणजीतल्या दुकानदारानं मला कागदावर आकडा लिहून दाखवला, तो खोडला आणि म्हणाला, “उद्या येशील तर हाच मिळेल असं सांगत नाही.” माझ्याकडे चालू स्थितीतली सोळा जीबी डीडीआर४ होती. ती टाकून महागाईच्या ऐन भरात दुसरी घ्यायची?

५६०० ठरला. पासष्ट वॅट, म्हणजे वीज आणि यूपीएस तेच, कूलर खोक्यातच, आणि विंडोज ११ च्या यादीत नाव. माझ्या बी३५० वर कार्डाकडे जाणाऱ्या रस्त्याला, पीसीआय एक्सप्रेसला, तिसऱ्या आवृत्तीच्या पुढे जाता येणार नव्हतं आणि आरएक्स ६६०० चं कार्ड फक्त आठच मार्गिका वापरतं, त्यामुळे तिथं थोडं नुकसान आहे. ते सोसण्याजोगं.

खरी परीक्षा बायोसची. नवा प्रोसेसर बसवण्याआधी, जुना जागेवर असतानाच, बोर्डला नव्याची ओळख करून द्यावी लागते. माझा बोर्ड इतका जुना होता की आधी एक मधली आवृत्ती, मग शेवटची. हे लिहिणं चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी आमच्याकडे काय होतं हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. परतीचा पाऊस ढग घेऊन आला की पहिल्या गडगडाटाला लाइट जाते, आणि शहाणा माणूस कॉम्प्युटरच नाही, टीव्हीची केबलसुद्धा काढून ठेवतो. यूपीएसची बॅटरी जुनी. मी कोरड्या सकाळची वाट बघितली. बॅटरी पूर्ण भरू दिली, पेनड्राइव्ह तयार केला, आणि घरात फर्मान काढलं की काही वेळ कुणी गिझर, मिक्सर, इस्त्री लावायची नाही. बाबा खुर्चीतून म्हणाले, “ऑपरेशन आहे का रे कुणाचं?”

पडद्यावर टक्के चढत गेले. सत्तरच्या आसपास ते एका जागी बराच वेळ थांबले आणि तेवढ्यात शेजारच्यांचा पंप सुरू झाला. बल्ब किंचित मंद झाला, पुन्हा नीट झाला. टक्के पुढे सरकले.

प्रोसेसर काढणं त्यामानानं सोपं, पण एएम४ मध्ये एक खोच आहे. पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१ केसासारख्या पिना, आणि त्याला सॉकेटमध्ये धरून ठेवणारी पकड फार घट्ट नसते. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावलेली जुनी थर्मल पेस्ट सुकून चिकटली की कूलर ओढताना प्रोसेसरच उपटून हातात येतो, पिना वाकतात. म्हणून आधी काही वेळ खेळ चालवून तो गरम करायचा, पेस्ट मऊ पडू द्यायची, मग बंद करून कूलर सरळ न ओढता डावी-उजवीकडे हलका पिळायचा. भाचा टॉर्च धरून होता आणि दर वाक्याला “मामा, सवकास” म्हणत होता, जणू मी त्याचाच प्रोसेसर काढत होतो. कूलरच्या पंखांत लाल धूळ साचून तिचा थर झाला होता. आमच्या बाजूला ती असायचीच. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं गोव्यातल्या ८८ लोहखनिज खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये खाणी थांबल्या, त्याआधी रस्त्यावरून ट्रक जायचे तेव्हा तर खिडकीच्या काचेवर रोज बोट ओढून नाव लिहिता यायचं. त्यातली किती धूळ तेव्हाची आणि किती नंतरची, देव जाणे. ब्रशनं काढताना बोटं गेरूसारखी झाली.

नवा बसवून बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर प्रश्न: नवा प्रोसेसर सापडला आहे, टीपीएममधली जुनी माहिती पुसू का, हो की नाही? ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप आहे आणि ज्यांनी त्याची किल्ली लिहून ठेवलेली नाही, त्यांनी इथं ‘हो’ दाबू नये. अशा लोकांची डिस्क परत उघडत नाही. माझ्याकडे कुलूप नव्हतं. दाबलं.

फरक काय पडला? काउंटर-स्ट्राइकमध्ये भाच्याला हवा होता तो आकडा दिसला आणि त्यानं खुर्चीत टुणकन उडी मारली. मी अर्ध्या मिनिटातच मेलो. रॅमच्या कांडीवर ३२०० लिहिलेलं होतं. जुन्या प्रोसेसरबरोबर त्या वेगाला यंत्र गचके खायचं म्हणून मी ती कायम खालच्या वेगावर चालवत आलो होतो. आता ती पहिल्यांदा छापील वेगानं धावली. नदीवरून कॅमेरा फिरवला की पूल अखंड सरकतो. शहर मात्र पूर्ण सुरळीत झालेलं नाही. सगळ्यात वेगाचं बटण आता साध्या चालीच्या दुप्पटीपेक्षा बरंच जास्त काम करतं, पण गाड्यांची संख्या मर्यादेला टेकली की घड्याळ अजूनही रेंगाळतं. ते खेळाच्या रचनेतच आहे. शहाण्णव एमबीचा कॅश असता तर आणखी थोडं पुढे ढकललं गेलं असतं. किती, याची उत्सुकता मला आहे आणि ती मी भाच्यासमोर बोलून दाखवत नाही.

जुना १६०० विकायला काढला तेव्हा साखळीचा एक मुलगा बघायला आला. त्याच्याकडे ए३२० बोर्डवर ए८-९६०० होता, म्हणजे सॉकेट तोच पण रायझनच्याही आधीच्या जातीचा, चार अशक्त कोअरचा. पडदा साठ हर्ट्‌झचा, खेळतो क्रिकेट आणि फुटबॉल. त्यानं प्रोसेसर उजेडात धरून पिना तपासल्या, किंमत विचारली, दोनशे रुपये कमी करायला लावले, मी केले. मग पैसे काढता काढता तो म्हणाला की आतापर्यंत वेगळं ग्राफिक्स कार्ड लागलंच नाही. मी त्याचा हात थांबवला. ए८-९६०० च्या पोटात ग्राफिक्स आहे, १६०० च्या पोटात नाही. हा बसवला असता तर यंत्र चालू झालं असतं आणि पडद्यावर काहीच आलं नसतं. तो जरा हिरमुसला. मी म्हटलं, आधी एखादं वापरलेलं कार्ड बघ, साधं चालेल, मिळालं की ये. प्रोसेसर ५६०० च्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून कपाटात ठेवलाय, किंमत तीच. भाचा म्हणतो, तोवर दुसऱ्या कुणाला देऊन टाक, त्या मुलानं अजून फोन केलेला नाही. मी अजून दिलेला नाही.